राणीच्या देवळाला ४० मिनिटं, दुकानाला दीड तास

कमाटी बागेतल्या म्युझियमची ममी बघत मोठे झालेले आम्ही बडोदेकर. इजिप्तला जायचं म्हटल्यावर घरात कोणी 'तिथे कशाला?' असं विचारलं नाही. गावातल्याच एका टूरवाल्यांबरोबर आम्ही दोघं आठ दिवस जाऊन आलो. नाव लिहीत नाही. मालक ओळखीचे आहेत आणि तक्रार तोंडावर सांगून झाली आहे.

व्हिसा, विमान, हॉटेल यात खोट काढायला जागा नाही. स्वयंपाकाला बरोबर महाराज होता. कैरोत सकाळी पोहे, लक्सरला पिठलं-भात. ही तर पिरॅमिडपेक्षा त्या पिठल्याचंच जास्त सांगत असते.

मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो, ३१ वर्षं. त्यामुळे देवळासमोर उभा राहिलो की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, दगड आणला कुठून आणि काम किती दिवस चाललं? प्राचीन इजिप्तच्या हत्शेपसूत राणीने याचं उत्तर दगडावरच कोरून ठेवलंय. इ.स.पू. १४७९ च्या सुमारास नवरा वारला, सावत्र मुलगा तिसरा थुतमोस लहान, म्हणून बाईंनी कारभार हाती घेतला. आपल्याकडे सयाजीराव लहान होते तेव्हा दिवाण टी. माधवरावांनी राज्य सांभाळलं आणि वेळ आल्यावर सोपवलं. या बाई स्वतःच फॅरो, म्हणजे इजिप्तचा राजा, झाल्या, मूर्तींना खोटी दाढीसुद्धा लावून घेतली, आणि वीसेक वर्षं राज्य केलं.

लक्सरच्या कर्नाक देवळात त्यांचा एक ओबेलिस्क, म्हणजे वर निमुळता होत जाणारा चौकोनी दगडी खांब, अजून उभा आहे. सुमारे २९ मीटर उंच, वजन ३०० टनांच्या वर, अखंड ग्रॅनाइट. सांधा नाही, जोड नाही, असं त्यावर कोरलेल्या लेखातच म्हटलंय. आस्वानच्या खाणीतलं काम सात महिन्यांत उरकलं, हेही लिहिलंय. आमच्या खात्यात सात महिन्यांत टेंडर उघडत नसे! वर मढवायचा सोन्या-चांदीचा मिश्रधातू म्हणे धान्यासारखा मापाने मोजला. सोन्या-चांदीच्या तोफा मिरवणाऱ्या गावचा मी, तरी हे वाचून गप्प झालो. पुढे राणीचं नाव पुसायच्या काळात ओबेलिस्कांभोवती भिंत बांधली गेली. झालं उलटंच, भिंतीआडचा भाग सुरक्षित राहिला. गाइडने हे इतकं छान दाखवलं की त्या माणसाला मी वेगळे पाच तारे देईन.

आता तक्रार. दैर अल्-बहरीचं राणीचं देऊळ, मागे सरळसोट कडा, समोर एकावर एक तीन गच्च्या आणि मधून चढत जाणारा रॅम्प. खांबांच्या ओळी कड्याच्या उभ्या भेगांशी अशा जुळवल्यात की डोंगर कुठे संपला आणि बांधकाम कुठे सुरू झालं, ते क्षणभर कळत नाही. मधल्या गच्चीवर राणीने पुंत नावाच्या प्राचीन देशाला पाठवलेल्या सफरीची कोरीव भिंत आहे. धूपाची झाडं मुळांसकट टोपल्यांत घालून जहाजावर चढवताहेत, खाली पाण्यात मासे, तेही प्रत्येक जातीचे वेगळे ओळखू येतील असे. मी माशांपर्यंत पोहोचलो आणि टूर मॅनेजरची शिट्टी वाजली. चाळीस मिनिटं झाली म्हणे, बसमध्ये चला.

बस कुठे गेली? पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या चित्रांच्या, दुकानात. तिथे दीड तास! चहा, डेमो, मग भाव. हिने एक चित्र घेतलं. घरी येऊन भिंग लावलं तर छापील निघालं.

वयस्कर मंडळींनी एक करावं. नाईलच्या पश्चिम तीरावर, जिथे हे देऊळ आहे, तिकडे सकाळी सहालाच निघायचं, हे आधी लेखी ठरवून घ्यावं. आम्ही दहाला पोहोचलो, नोव्हेंबरातही त्या कड्याखाली अंग भाजलं. रॅम्प लांब आहे, पण चढ सोपा. माझ्या गुडघ्यांनी कुरकुर केली नाही.

पाचपैकी तीन तारे, त्यातला एक महाराजाचा. मालकांनी पुढच्या खेपेला दुकान गाळतो म्हटलंय. मार्चची बॅच परत आली की विचारून इथेच खाली लिहीन.