लुझियानात खायला जायचंय: न्यू ऑर्लिन्स की लाफायेत?

ह्यूस्टन-डॅलसकडची आपली मंडळी लाँग वीकेंड आला की लुझियानाचा प्लॅन करतात आणि बहुतेक जण डोळे झाकून न्यू ऑर्लिन्सचं हॉटेल बुक करून मोकळे होतात. जा की, शहर भारीच आहे, पण केजन जेवणासाठी म्हणून जात असाल तर त्याचं घर तिथे नाहीये, ते पश्चिमेला दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर लाफायेत आणि आसपासच्या गावांत आहे. न्यू ऑर्लिन्सचं आपलं ते क्रिओल.

फरक कुठून आला तर, न्यू ऑर्लिन्स 1718 मध्ये वसवलेलं बंदर, तिथे फ्रेंच आले, स्पॅनिश आले, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसं, कॅरिबियन, नंतर सिसिलीचे इटालियन, सगळ्यांचे हात त्या स्वयंपाकाला लागलेत आणि बाजारात टोमॅटो, लोणी, ऑयस्टर सगळं हाताशी. केजन लोक म्हणजे 1755 पासून ब्रिटिशांनी नोव्हा स्कोशियातून हाकललेल्या फ्रेंच शेतकऱ्यांचे वंशज, दलदलीच्या मुलखात येऊन राहिले आणि जे मिळेल ते एका भांड्यात शिजवलं. कांदा, सेलरी, ढोबळी मिरची दोन्हीकडे लागतेच. पण जांबालाया, म्हणजे मांस-सॉसेज घातलेला मसालेदार भात, शहरात टोमॅटो घालून लाल, गावाकडे मांस खरपूस परतून तपकिरी.

गम्बोवर, म्हणजे भातावर घेऊन खायच्या दाट कालवणावर, तर भांडणं होतात. न्यू ऑर्लिन्सला बऱ्याचदा कोळंबी-खेकडे, भेंडी, कुठे कुठे टोमॅटो. लाफायेतकडे कोंबडी आणि धुरावलेलं सॉसेज, टोमॅटोचं नाव काढायचं नाही, आणि सगळा जीव त्या ‘रू’मध्ये, म्हणजे तेलात भाजलेल्या मैद्यात. तेलात मैदा मंद आचेवर ढवळत बसायचं, लाडवाचं बेसन भाजतो तसंच, फक्त तिथे न थांबता पार चॉकलेटी होईपर्यंत, आणि काळे ठिपके दिसले की सगळं फेकून पहिल्यापासून. तिकडे गम्बोत बटाट्याचं सॅलड घालूनही खातात, ऐकायला विचित्र वाटतं पण घालून बघाच.

आता खाण्याची पद्धत, माझ्या मते निवड इथेच ठरते. न्यू ऑर्लिन्सचं खाणं रेस्टॉरंटचं आहे. आंत्वान्स 1840 पासून चालू आहे, गालातुआरला रात्री पुरुषांना जॅकेट लागतं, डूकी चेज 1941 चं. स्वस्तात खायचं तर पो-बॉय हे लांब पावातलं सँडविच, सोमवारी रेड बीन्स-भात, आणि कॅफे दू मोंदचे पिठीसाखरेत बुडालेले बेन्ये, म्हणजे तळलेले डोनटसारखे तुकडे. पायी, ट्रामने सगळं होतं.

लाफायेतला हे असलं काही शोधू नका. तिथलं सगळ्यात भारी खाणं पेट्रोल पंपावर आणि खाटकाच्या दुकानात मिळतं, खरंच. शेजारच्या स्कॉट गावात बूदाँ घ्यायचं, म्हणजे डुकराचं मांस, कलेजी, भात आणि कांद्याची पात भरलेलं गरम सॉसेज, गाडीच्या बॉनेटवर कागद उघडायचा, एक टोक चावायचं आणि आतलं सारण दातांनी ओढून घ्यायचं, वरचं आतडं टाकून दिलं तरी कोणी काही म्हणत नाही. ब्रो ब्रिज गावात क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले छोट्या लॉबस्टरसारखे जीव, पौंडावर, ट्रेमध्ये ओतून देतात. शेपूट पिळून काढायची, डोकं चोखायचं, नखांत तिखट जातं. खेकडे फोडून खाणाऱ्या कोकणी माणसाला शिकवावं लागणार नाही.

एक मात्र आहे, लाफायेतला जाऊन ‘ब्लॅकन्ड’ मासा, म्हणजे मसाला लावून कडक तापलेल्या तव्यावर काळपट भाजलेला, तोच अस्सल केजन असं समजू नका. तो पॉल प्रुडोम या शेफने न्यू ऑर्लिन्सच्या त्याच्या रेस्टॉरंटमधून ऐंशीच्या दशकात गाजवला, माणूस केजन मुलखातला पण पदार्थ गावाकडचा जुना नाही.

शाकाहारी असाल तर विचार करू नका, न्यू ऑर्लिन्स. तिथेही रेड बीन्समध्ये हॅम किंवा सॉसेज असतंच, विचारल्याशिवाय खाऊ नका, पण मोठं शहर आहे, दुसरं काहीतरी मिळतं. लाफायेतकडे भाजीतसुद्धा पोर्क निघतं. पोर्क न खाणाऱ्यांचंही तेच, फक्त क्रॉफिशच्या सीझनमध्ये त्यांना लाफायेत जमेल. गाडी चालवायची नसेल तरी न्यू ऑर्लिन्स, कारण अॅमट्रॅकची सनसेट लिमिटेड ही रेल्वेगाडी लाफायेतला थांबते खरी पण आठवड्यातून तीनच दिवस, आणि उतरल्यावर त्या गावांत फिरायला गाडी लागणारच.

बाकी सगळं खाणारे, गाडी असलेले, मार्च ते मेमध्ये जाणारे असाल तर मी लाफायेतच म्हणेन, ह्यूस्टनहून साडेतीन तासांच्या आसपास, म्हणजे न्यू ऑर्लिन्सपेक्षा जवळच. जूननंतर ताजे क्रॉफिश संपत येतात. ऑगस्टमध्ये उकाडा असह्य, पण तेव्हा न्यू ऑर्लिन्सची चांगली चांगली रेस्टॉरंट्स ‘कूलिनरी’ नावाने स्वस्त सेट मेन्यू लावतात, बजेट कमी असेल तर तेव्हाच गाठा. मार्डी ग्रास या कार्निव्हलच्या आठवड्यात मात्र हॉटेलचे रेट बघूनच पोट भरतं.