आजोबांची लोकरी पॅन्ट

साताऱ्यात मोती चौकाजवळच्या बोळात एक टेलरकाका बसतात. आजोबांची लोकरी पॅन्ट मला सैल करून हवी होती. दोन दुकानांनी 'नवीनच घ्या' म्हणून परत पाठवलं. काकांनी ती आधी उलटी केली. मागच्या शिवणीत दीड इंच माया, म्हणजे आत राखलेलं जादा कापड, सोडलेली! "पुढं अंग भरलं तर असू दे, म्हणून ठेवायचे," म्हणाले.

पायाशी बाहेर दुमडलेले खालचे फोल्ड मी आग्रहाने ठेवायला लावले. 1942 मध्ये ब्रिटनने युद्धात कापड वाचवायला हेच फोल्ड बंद केले होते, तर लोक लांब पॅन्ट घेऊन घरी दुमडायचे. आजच्या बऱ्याच रेडिमेड पॅन्टमध्ये मायाच नसते, सैल करणार कशी?

चार दिवस उशीर झाला, पण कमरेची शिवण हाताची आहे, टाका मोहरीएवढा. शिलाई 250 रुपये. जरूर जा.