बंदूकवाला गार्ड की साधा गार्ड? आमच्या पेढीचा आणि कारखान्याचा हिशेब

गोव्यात फोंड्याच्या बाजारात आमची सराफी पेढी आहे आणि सत्तरी तालुक्यात काजूचा कारखाना. दोन्हीकडच्या राखणीचा करार यंदा एकाच महिन्यात संपला आणि घरात वाद सुरू झाला. काकांचं म्हणणं, दोन्ही ठिकाणी बंदूकवालाच हवा, दारात बंदूक दिसली की चोर पुढची गल्ली धरतो. धाकट्या भावाचं म्हणणं, त्याच पैशात जास्त माणसं आणि चांगले कॅमेरे येतील. मी महिनाभर कागद चाळले, तीन एजन्सीवाल्यांना समोर बसवून विचारलं, आमच्या जुन्या गार्डांशीही बोलले. आता माझं मत पक्कं झालं आहे: धंदा कुठला आहे यावरून हा निर्णय घ्यायचा नसतो. कुठल्या दारावर, कुठल्या वेळी, कशाची भीती आहे, हे आधी बघायचं.

सुरुवात बंदुकीपासून करते, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिच्याबद्दलच आहेत.

बंदूक एजन्सीची असते, असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो. तसं नसतं. खाजगी सुरक्षा एजन्सीला २००५ च्या कायद्याखाली जो परवाना मिळतो तो माणसं पुरवण्याचा. शस्त्राचा परवाना वेगळा, तो १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली. बहुतेक वेळा बंदूक त्या गार्डच्या स्वतःच्या परवान्यावर असते. बँकेसारख्या संस्थेत परवाना संस्थेच्या नावावर असतो आणि ती हाताळणाऱ्याचं नाव त्यावर ‘रिटेनर’ म्हणून चढवलेलं असतं. म्हणजे तुम्ही बंदूकवाला ठेवता तेव्हा एका माणसाच्या एका कागदावर विसंबता. त्या कागदावर चार गोष्टी बघायच्या: यूआयएन (परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक), मुदत, परवाना कशासाठी दिला आहे, आणि तो कुठल्या क्षेत्रात चालतो. शेवटची गोष्ट गोव्यात फार महत्त्वाची, कारण इथले कितीतरी गार्ड परराज्यांतून आलेले असतात. परवाना त्यांच्या राज्यापुरताच असेल तर ती बंदूक आपल्या दारात बेकायदा ठरते. बनावट परवान्यावर गार्डची नोकरी करणारे महाराष्ट्रात पकडले गेले आहेत, तेव्हा झेरॉक्स बघून समाधान मानू नका.

काकांनी एक सोपा उपाय सुचवला होता. घरी रानडुकरांसाठी घेतलेली जुनी बंदूक आहे, ती कारखान्याच्या रात्रीच्या गार्डला द्यायची. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत शेतीच्या राखणीच्या बंदुका घराघरांत आहेत, त्यामुळे हा विचार आणखी कुणाच्या मनात आला असेल तर तो आताच काढून टाका. परवाना ज्याच्या नावावर, शस्त्र त्याच्याच हातात. दुसऱ्याच्या हातात दिलं की देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार. शिवाय निवडणूक जाहीर झाली की परवान्याची शस्त्रं पोलीस स्टेशनात जमा करण्याचे आदेश निघतात. आपल्या गार्डला त्यातून सूट आहे का, हे ऐनवेळी कळून उपयोग नाही.

बरं, कागद सगळे चोख आहेत असं धरू. तरी गोळी कधी झाडता येते? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, आणि मालमत्तेसाठी जीव घेण्याइतपत तो कधी ताणता येतो ते कलम ४१ सांगतं: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, माणसं राहतात किंवा माल ठेवतात अशा जागेला आग किंवा स्फोटक लावणं, आणि जिवाचा किंवा गंभीर दुखापतीचा खरोखर धोका वाटावा अशी चोरी, नासधूस किंवा घुसखोरी. यापलीकडे नाही. साखळी उचलून पळणाऱ्या पोरावर मागून गोळी झाडली तर खुनाचा खटला गार्डवर चालेल, आणि त्याला तिथे उभं करणारे म्हणून आपल्यालाही पोलीस स्टेशनच्या पायऱ्या चढाव्या लागतील. मी पेढीवरच्या आमच्या आधीच्या बंदूकवाल्या गार्डना हे विचारलं होतं. निवृत्त फौजी, अतिशय सरळ माणूस. ते म्हणाले, ‘‘ताई, आम्हाला एवढंच सांगितलंय की बंदूक दाखवायची.’’

त्याच दिवशी त्यांच्याकडून काडतुसं बघायला मागितली. बारा बोअरची दुनळी होती. त्यांनी खिशातून रुमालात बांधलेली पाच काडतुसं काढून काउंटरवर ठेवली. पितळेच्या बुडाला हिरवट थर चढलेला, दोनांची कड फुगलेली, एकाचं प्लॅस्टिक चिरलेलं. आपला पावसाळा आणि ही खारट हवा लोखंडालाही सोडत नाही. काडतुसं किती वर्षांची, हे त्यांना आठवेना. शेवटचा बार कधी काढला, तर फौजेत असताना. एजन्सीने त्यांना एकदाही सरावाला नेलेलं नव्हतं. ती बंदूक आमच्या बारा फूट रुंदीच्या दुकानात, लग्नसराईत बायका-मुलांनी भरलेल्या बाकड्यांपासून चार हातांवर, खुर्चीच्या पाठीला टेकलेली असायची. दुनळीतून अनेक छर्रे सुटतात, एखादा चुकला तरी गर्दीत कुणाला तरी लागायचा. त्या रात्री मला झोप लागली नाही. दोष त्या माणसाचा मुळीच नव्हता. आम्ही बंदूक भाड्याने घेतली आणि तिच्यामागे जे लागतं त्यातलं काहीच मागितलं नाही.

आता दुसरी बाजू. साधा गार्ड म्हणजे ‘दारात कुणीतरी बसलेला असावा’ अशी जी समजूत आहे, ती त्याच्यावर अन्याय करणारी आहे. त्याच २००५ च्या कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे गार्डला १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर प्रशिक्षण मिळायला हवं, तेही किमान २० कामाच्या दिवसांत. माजी सैनिक आणि पोलिसांसाठी ते ४० आणि १६ तासांवर येतं. वय १८ ते ६५. फोटोचं ओळखपत्र हवं. आणि गणवेश पोलीस किंवा लष्करासारखा दिसता कामा नये. तसा घातला तर गार्ड आणि एजन्सीचा मालक दोघांनाही शिक्षा आहे. समोर दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा घडला तर कुणाही नागरिकाप्रमाणे गार्ड गुन्हेगाराला धरू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. गिऱ्हाइकाची पिशवी जबरदस्तीने तपासण्याचा अधिकार त्याला नाही. बंदूक असली तरी यातला एकही अधिकार वाढत नाही, हे मला फार उशिरा उमगलं.

आमच्या कारखान्याची चोरी कशी होते, ते सांगते. मार्च ते मे कच्ची बी विकत घ्यायची आणि पुढे वर्षभर फोडायची. गोदामात पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत. तिथे कुणी रात्री ट्रक घेऊन दरोडा घालायला येत नाही. जातं ते एकेक पोतं, सालांच्या टेंपोत खाली दडवून. याला बंदूक काय करणार? याला हवा गेटवर वही घेऊन उभा राहणारा, टेंपो रिकामा आणि भरलेला दोन्ही वेळा वजनावर घेणारा, ड्रायव्हर कितीही ओळखीचा असला तरी ताडपत्री वर उचलायला लावणारा माणूस. दुसरी भीती आगीची. काजूच्या टरफलात तेल असतं, एकदा पेटलं की आवरत नाही. गेल्या वर्षी आमच्या रात्रपाळीच्या आसामच्या मुलाला साडेतीनच्या सुमारास वास आला. टरफलांचा ढीग आतून धुमसत होता. त्याने आधी मला फोन केला नाही. आधी जवळची पोती ओढून लांब केली, वाळूच्या बादल्या ओतल्या, मग अग्निशामक दलाला आणि शेवटी मला. हा क्रम त्याला कुणीतरी शिकवला होता. जानेवारी २०२३ मध्ये पिळर्णच्या रंगाच्या कारखान्याच्या आगीचा धूर मी लांबून पाहिला होता, तो त्या पहाटे सारखा डोळ्यांपुढे येत होता.

कळंगुटला हॉटेल चालवणाऱ्या माझ्या मावसभावाचा प्रश्न लवकर सुटला. त्याच्याकडे वाद होतात ते पार्किंगचे, दारूच्या नशेतले, नाहीतर रात्री उशिरा पाहुण्याच्या खोलीवर कुणी आलं म्हणून. गर्दीत, प्यालेल्या माणसांमध्ये भरलेली बंदूक म्हणजे झटापटीत ती हिसकावली जाण्याची भीती. त्याला हिंदी-इंग्रजी बोलणारे, आवाज न चढवता माणसाला बाजूला नेणारे गार्ड हवेत, त्यात किमान एक बाई. हडफड्याच्या नाईट क्लबमध्ये ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री आगीत २५ जीव गेले, त्यानंतर त्याने गार्डच्या करारात एक ओळ वाढवली: प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला बाहेर पडायची सगळी दारं उघडून बघायची आणि सही करायची. हॉटेलवाल्यांनी या ओळीवर बंदुकीपेक्षा जास्त पैसे खर्च करावेत.

मग बंदूक लागते कुठे? जिथे रोकड किंवा सोनं हलतं तिथे. एटीएममध्ये रोकड नेणाऱ्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने नियमच केले आहेत: ड्रायव्हर, दोन सशस्त्र गार्ड आणि रोकड सांभाळणारे दोघे. आमच्या पेढीत ही वेळ म्हणजे शटरची. मुंबईत शटर दिवसातून दोनदा हलतं. आपल्याकडे दुपारी जेवायला आणि झोपायला बंद, म्हणून चारदा: सकाळी उघडताना, एकला पाडताना, साडेतीन-चारला पुन्हा, आणि रात्री. प्रत्येक वेळी माल शोकेसमधून तिजोरीत किंवा तिजोरीतून शोकेसमध्ये येतो, शटर अर्धं वर असतं आणि आमचे हात भरलेले असतात. त्यातून दुपारी बाजार चिडीचूप. खरी भीती या अर्ध्या-अर्ध्या तासांची. रात्री माल तिजोरीत असेल तर बंदूकवाल्यापेक्षा तिजोरी, अलार्म आणि जागा राहणारा माणूस पुरतात. ज्वेलर्स ब्लॉक विम्याची, म्हणजे सराफांच्या मालाच्या विम्याची, पॉलिसीही काढून वाचा. दुकान बंद झाल्यावर तिजोरीबाहेर राहिलेल्या मालाची भरपाई बहुतेक पॉलिसींत मिळत नाही, दारात बंदूक असो वा नसो.

पैशांचं थोडक्यात. मला आलेल्या कोटेशनांत बंदूकवाल्याचा दर साध्याच्या दीडपटीच्या वर होता. चोवीस तास एक जागा राखायची तर आठवड्याच्या २१ पाळ्या होतात. एक माणूस सहा करतो, म्हणजे साडेतीन माणसं लागतात. एजन्सी दोनच माणसांचा हिशेब देत असेल तर ती माणसं बारा-बारा तास उभी राहणार आहेत, आणि पहाटे चारला डोळा लागलेल्या माणसाच्या हातात बंदूक असणं हे दार उघडं टाकण्यापेक्षा वाईट. एजन्सी कंपनी नसून एकट्याची किंवा भागीदारीची असेल, आणि आपली जीएसटी नोंदणी असेल, तर १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे एजन्सीऐवजी आपण थेट सरकारला भरायचा. कोटेशनांची तुलना करताना हे धरा. पीएफ-ईएसआय एजन्सीने बुडवलं तर विचारणा शेवटी आपल्यापर्यंत येते, म्हणून दर महिन्याचं चलन मागून घ्या.

आम्ही असं ठरवलं. कारखान्यात बंदूक नाही. तीन पाळ्यांचे साधे गार्ड, गेटवर वजनकाटा, दर तीन महिन्यांनी आगीची तालीम, आणि पावसात उभं राहायला पत्र्याऐवजी पक्की चौकी, पंखा आणि पिण्याच्या पाण्यासकट. पेढीवर दिवसभर एक साधा गार्ड, जो गिऱ्हाइकाला ओळखतो, आणि फक्त शटरच्या वेळांना व धनत्रयोदशीच्या आठवड्यात एक सशस्त्र गार्ड. तो आत बाकड्यांजवळ बसणार नाही, बाहेरच्या बाजूला भिंतीला पाठ करून उभा राहील. काका अजून पूर्ण राजी नाहीत, पण काडतुसं त्यांनीही पाहिली होती.

एजन्सीने करार पाठवला आहे. त्यात मी तीन ओळी घालायला सांगितल्या: मूळ परवाना दाखवल्याशिवाय गार्ड कामावर येणार नाही, काडतुसं दर पावसाळ्याआधी बदलली जातील, आणि वर्षातून एकदा परवानाधारक रेंजवर सराव होईल. पहिल्या दोन त्यांनी मान्य केल्या. तिसरीवर ‘बघू’ म्हणतात, म्हणून सही अजून केलेली नाही.