इंग्रजीतलं ‘खाणं’ शिकवणारं अ‍ॅप: अर्थ पक्के, सूर कच्चा

माझं काम उपशीर्षकांचं. पडद्यावर दोन ओळी, त्याही वाचून होतील एवढ्याच. पात्र ‘व्हॉट्स ईटिंग यू?’ म्हणालं की ‘तुला काय खातंय’ लिहून भागत नाही. ‘कसला घोर लागलाय?’ असं काहीतरी चटकन सुचावं लागतं. म्हणून इंग्रजी वाक्प्रचारांच्या एका अ‍ॅपमधला खाण्याच्या क्रियापदांचा संच घेतला.

खरोखरच्या खाण्याचा भाग मी गाळणारच होते. तोच यातला सगळ्यात सरस निघाला. निबल, मंच, गॉबल, वुल्फ डाउन यांतला फरक छोट्या चित्रफितींतून दाखवलाय: घास केवढा, वेग किती, आवाज होतो की नाही. ‘पिक अ‍ॅट’ म्हणजे इच्छा नसताना ताटातलं चिवडत बसणं, हे तर बघताक्षणी कळतं. सूप चमच्याने घेतलं तर ‘ईट’, कपाला तोंड लावलं तर ‘ड्रिंक’. आपण गोळी बिनदिक्कत खातो, इंग्रजीत ती ‘टेक’च करायची. उत्तर इंग्लंडमध्ये ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवणही असू शकतं, ही टीप तर माझ्या धंद्यात सोन्यासारखी. नाहीतर पात्र चहाला बोलावतं आणि टेबलावर भरपेट जेवण दिसतं.

लाक्षणिक अर्थांकडे वळल्यावर अ‍ॅप घाई करतं. गंज लोखंड खातो, खर्च बचत खातो, तिथवर ठीक. ‘हार्ड टू स्वॉलो’लाही ‘पचनी न पडणारं’ हा नेमका शब्द दिलाय. इंग्रजांचं घशात अडकतं, आपलं पोटात. पण ‘ईट युअर वर्ड्स’समोर नुसतं ‘शब्द मागे घेणे’. शब्द माणूस समजूतदारपणेही मागे घेतो. खावे लागतात ते तोंडघशी पडल्यावर. ही नाचक्की कुठेच आलेली नाही, आणि मराठीत ‘शब्द खाणं’ म्हणजे बोलताना अक्षरं गाळणं, हा सापळाही दाखवलेला नाही. ‘ईट हंबल पाय’चा अर्थ ‘नम्रपणे वागणे’ दिलाय, तो तर चूकच. आपली चूक मुकाट्याने कबूल करायला लागणं, असा तो अर्थ. ‘अंबल्स’ म्हणजे हरणाचं काळीज-आतडी वगैरे. ते भरून भाजलेल्या ‘पाय’ या पदार्थावरून ‘हंबल’शी झालेली ही कोटी आहे. इतकी मजेदार गोष्ट हाताशी असून सोडून दिली!

केकच्या म्हणीला मात्र न्याय मिळालाय. केक खायचा आणि तो शिल्लकही हवा, असं दोन्ही जमत नाही, हा तिचा अर्थ. ‘हॅव युअर केक अँड ईट इट’ या क्रमाने म्हण विचित्र वाटते, कारण केक आधी असणं आणि मग खाणं यात अशक्य काय? जॉन हेवुडच्या 1546च्या म्हणींच्या संग्रहात ‘ईट’ आधी येतं, तेव्हा ती पटते. मी असते तर ‘युनाबॉम्बर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, टपालाने बॉम्ब पाठवणाऱ्या अमेरिकन टेड कझिन्स्कीचाही उल्लेख केला असता. 1995मध्ये छापून आलेल्या त्याच्या जाहीरनाम्यात हाच जुना क्रम होता, त्याच्या पत्रातही तोच सापडला आणि ओळख पटवताना हे साम्य नजरेत भरलं. 1996मध्ये त्याला अटक झाली.

सराव चांगला आहे. ‘कुत्र्याने गृहपाठ खाल्ला’ आणि ‘गृहपाठाने शनिवार-रविवार खाल्ला’ अशा जोड्या इंग्रजीत देऊन कुठला अर्थ खरा, कुठला लाक्षणिक हे विचारतात. उत्तर चुकलं तर कारणही सांगतात, जे अशा अ‍ॅपमध्ये क्वचित दिसतं.

पाचपैकी साडेतीन तारे. परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी बिनधास्त घ्यावं, ‘हंबल पाय’ तेवढा वगळून. भाषांतर करणाऱ्यांनी शेजारी चांगला शब्दकोश उघडा ठेवावा. आणि आजच्या तरुण पात्रांचे संवाद असतील तर इथे काही मिळणार नाही: मंचावरून उतरणाऱ्या गायिकेला मैत्रीण ‘यू एट!’ म्हणते, म्हणजे ‘तोडलंस!’, हा अर्थ संचात नाहीच.