घरी येऊन कुत्र्याचं ट्रेनिंग: राखणदार जातींना तीन महिन्यांचं पॅकेज पुरतं का?

पुण्यात रॉटवायलर, डॉबरमन किंवा केन कोर्सोचं पिल्लू घरात आलं की मागोमाग ट्रेनर येतो. कोथरूड असो की वाघोली, सेवेचा साचा बहुतेक तोच: आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास, तीन महिने. सिट, डाउन, स्टे, हील, कम. वर जादा पैसे मोजले तर ‘गार्डिंग’, म्हणजे हुकमावर चावायला शिकवणं. लॅब्रॅडॉरला एवढं पुष्कळ झालं. राखणदार जातीला हे पॅकेज अपुरं पडतं, कारण त्यात हुकूम शिकवले जातात. दारात अनोळखी माणूस उभा असताना शांत कसं राहायचं, हे शिकवलं जात नाही.

पहिली गफलत वेळेची. बरेच ट्रेनर सांगतात, लसी पूर्ण होऊ द्या, चौथ्या महिन्यात सुरू करू. पण पिल्लू माणसं, आवाज, गर्दी यांना सहज स्वीकारतं ते साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. चौथ्या महिन्यात ट्रेनर येतो तेव्हा ती खिडकी मिटत आलेली असते. पार्व्हो या जीवघेण्या विषाणूच्या आजाराची भीती खरीच आहे, म्हणून पिल्लू जमिनीवर सोडायचं नाही. कडेवर घेऊन किंवा गाडीत बसवून फिरवायचं. हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, छत्री, काठी टेकत चालणारे आजोबा, शाळा सुटल्याची गर्दी हे सगळं त्याने लांबून, तोंडात खाऊ असताना बघायला हवं. जुलै-ऑगस्टमध्ये नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात. गाडी भरपूर लांब लावा, काचा बंद ठेवा आणि पिल्लू निवांत खात असेल तरच पुढच्या वेळी थोडं जवळ जा. खाणं थांबलं की अंतर चुकलं असं समजा.

दुसरं टोकही तसंच. पॅकेज सातव्या महिन्यात संपतं आणि त्याच सुमारास किंवा त्यानंतर कुत्र्याला अनोळखी माणूस खटकायला लागतो. राखणदार जाती मनाने पुऱ्या वाढायला दोन-तीन वर्षं घेतात. म्हणून ट्रेनरला सरळ विचारा: पाऊण तासाच्या त्याच ३६ भेटी वेगळ्या वाटून देता का? आठव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत दर आठवड्याला एक अशा ८, पुढचे चार महिने आठवड्याला एक अशा १६, आणि मग वर्षभर महिन्याला एक अशा १२. पैसे तेवढेच, काम दुप्पट. याला तयार होणारा ट्रेनर सहसा बाकीच्या बाबतीतही बरा निघतो.

आता दाराची गोष्ट. पॅकेजमध्ये हे नसेल तर पॅकेज घेऊच नका. दारापासून तीन मीटरवर, दार दिसेल अशा जागी चटई टाकायची. आधी बेल नाही, माणूस नाही. कुत्रा चटईवर बसला की खाऊ चटईवरच द्यायचा, हातात नाही. मग बेलचा आवाज मोबाइलवर बारीक वाजवायचा आणि हळूहळू वाढवायचा. मग घरातलाच कोणी खरी बेल वाजवेल, मग ओळखीचा शेजारी, सगळ्यात शेवटी अनोळखी माणूस. दहातल्या आठ वेळा जमल्याशिवाय पुढची पायरी नाही. छातीच्या पट्ट्याला (हार्नेसला) दोन मीटरची मजबूत दोरी असावी आणि तिचं टोक भिंतीतल्या हुकाला. पाहुण्याने डोळ्यांत बघायचं नाही, वाकायचं नाही, आणि खाऊही भरवायचा नाही. ही शेवटची गोष्ट ट्रेनरच चुकवतात. खाऊच्या ओढीने बिचकणारा कुत्रा माणसाच्या फार जवळ येतो, खाऊ संपतो, आणि दोघंही अडकतात. खाऊ मालकाने द्यायचा, पाहुण्यापासून लांब.

अवजारांकडे नीट लक्ष द्या. ट्रेनर पिशवीतून चोक चेन किंवा काट्यांचा पट्टा काढत असेल तर तिथेच थांबवा. अनोळखी माणूस दिसला की गळा आवळतो, हे कुत्रा चार-सहा वेळांत शिकतो. राग मात्र माणसावर धरतो. गुरगुरल्यावर झटका दिला तर तो गुरगुरणं सोडतो, चावणं सोडत नाही. म्हणजे इशारा गेला आणि धोका राहिला. साधा रुंद पट्टा, छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस, दीड ते दोन मीटरची जाड पट्टीची दोरी आणि भक्कम हुक एवढं पुरतं. डबीत आपोआप गुंडाळली जाणारी दोरी ४५ किलोच्या कुत्र्याला लावणं म्हणजे हाताची बोटं पणाला लावणं. बोलावल्यावर येण्याच्या सरावाला दहा मीटरची लांब दोरी, तीही हार्नेसला. पट्ट्याला लावली तर पळत्या कुत्र्याच्या मानेला हिसका बसतो.

तोंडाची जाळीही शिकवायला लावा, कुत्रा गरीब असला तरी. दवाखान्यात आणि भरलेल्या लिफ्टमध्ये ती लागतेच. कापडी, तोंड घट्ट बांधणारी नको: कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग गार करतो आणि एप्रिलमध्ये तोंड बांधलेला कुत्रा उष्माघाताने जाऊ शकतो. टोपलीसारखी जाळी घ्या, जिच्यात तोंड पूर्ण उघडता येतं, पाणी पिता येतं आणि नाकापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा उरते. आत घट्ट दही लावून कुत्र्याला स्वतःहून नाक घालू द्यायचं. पाच सेकंद, मग पंधरा, मग बंद लावून एक मिनिट, मग वीस मिनिटं. दोन-तीन आठवडे लागतात. एका दिवसात जाळी घालून दाखवणाऱ्याने ती जबरदस्तीने घातलेली असते.

‘गार्डिंग’चा जादा भाग घेऊ नका. ट्रेनरने चढवलेल्या जाड बाहीवर चावा घेताना व्हिडिओ छान दिसतो, पण सोडायला शिकवणं चावायला शिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं आणि तीन महिन्यांत ते पक्कं होत नाही. बंगल्यावर रॉटवायलर दिसला एवढ्यानेच बरंचसं काम होतं. कुत्रा चावला तर जबाबदारी तुमची: भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे पाळीव प्राण्याबाबतच्या हलगर्जीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचा दाखला हाताशी असू द्या. केंद्राने मार्च २०२४ मध्ये रॉटवायलर, केन कोर्सो, कॉकेशियन शेफर्ड अशा जातींवर बंदी घालण्याचं पत्र राज्यांना पाठवलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केलं, तरी सोसायटीच्या बैठकीत ते अजून वाचून दाखवलं जातं.

चांगला ट्रेनर पिल्लू घेण्याआधीच बोलावावा, कारण कुठलंही पॅकेज जात बदलू शकत नाही. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, रॉटवायलर माणसाकडे बघून काम करतात. कांगल, कॉकेशियन शेफर्ड हे मेंढ्यांबरोबर एकटे राहून स्वतः निर्णय घेणारे कुत्रे; त्यांना हाक मारली की ते आधी विचार करतात. त्यात कॉकेशियनची दाट लोकर आणि पुण्याचा एप्रिल. फ्लॅटला हे नकोतच. मुधोळ, कारवान देखणे आणि इकडच्या हवेला सरावलेले, पण ते धावून शिकार करणारे. राखणीची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नका. डॉबरमनच्या हृदयाचा आजार घराण्यात आहे का ते विचारा. रॉटवायलरच्या आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. आईला भेटू न देणाऱ्याकडून आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू देणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. एवढं लहान पिल्लू नियमानेही विकता येत नाही.

मुळशी, जुन्नरकडे शेतघर असेल तर ट्रेनरने आधी एकच प्रश्न विचारायला हवा: रात्री कुत्रा कुठे असतो? त्या पट्ट्यात बिबट्या आहे. साखळीने अंगणात बांधलेला कुत्रा राखण करत नाही, तो बिबट्याचं आयतं भक्ष्य असतो. रात्री चारी बाजूंनी आणि वरूनही बंद पिंजरा हवा.

ट्रेनर पिल्लाला कॅल्शियमचं औषध सुचवत असेल तर ऐकू नका. मोठ्या जातीच्या पिल्लाला जादा कॅल्शियमने हाडं वाकडी होऊ शकतात. जिने चढवणं, उड्या, सायकलमागे पळवणं वर्ष-दीड वर्षाआधी नको.

कुत्रा स्वतःकडे ठेवून घेऊन शिकवणारे ट्रेनरही आहेत. राखणदार जातीला ही सोय बहुधा वाया जाते. कुत्रा त्यांचं ऐकायला शिकून येतो, आणि अडचण तर तुमच्या दाराशी असते. घरी येणाऱ्यांतही काही जण कुत्र्याला खाली नेऊन फिरवून आणतात आणि तास भरला म्हणतात. दोरी पहिल्या दिवसापासून घरच्यांच्या हातात हवी.

पैसे तीन हप्त्यांत द्या. शेवटचा हप्ता तेव्हा, जेव्हा ट्रेनर हजर नसताना घरातलं सगळ्यात हलक्या वजनाचं मोठं माणूस कुत्र्याला लिफ्टने खाली नेऊन, वॉचमनसमोरून फिरवून, दोरी न ताणता वर आणेल.