पन्नासेक जणांच्या मंडळासाठी स्वतःचं मॅस्टोडॉन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी निष्कर्ष. चाळीस-पन्नास सभासदांच्या मंडळाला स्वतःच्या सर्व्हरवरचं मॅस्टोडॉन (ट्विटरसारखं, पण कुणालाही आपल्या सर्व्हरवर चालवता येणारं समाजमाध्यम) नीट पेलतं. मात्र डोमेन, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, मंडळाच्या नावावर हवं आणि सर्व्हर सांभाळू शकणारी माणसं किमान दोन हवीत. ऑर्कुट हे समाजमाध्यम सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झालं, ट्विटरसारखं भारतीय कू जुलै २०२४ मध्ये. तिथे जमलेले मराठी लोक एकेका कंपनीच्या निर्णयासरशी विखुरले. मॅस्टोडॉन २०१६ पासून आहे आणि ॲक्टिव्हिटीपब या सर्वांना खुल्या तांत्रिक नियमसंचावर चालतं. त्यामुळे सर्व्हर आपला असूनही बाहेरच्या सर्व्हरवरच्या लोकांशी बोलता येतं.

डोमेनवर सगळ्यात जास्त विचार करा, कारण ते नंतर बदलता येत नाही. इतर सर्व्हर आपल्या सभासदांना त्याच नावाने ओळखतात. डोमेन बदललं की जुनी खाती त्यांच्या लेखी संपली. गमतीशीर दिसतं म्हणून परक्या देशाचं डोमेन घेऊ नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'क्वीअर डॉट एएफ' हा सर्व्हर बंद पडला, कारण अफगाणिस्तानातल्या तालिबान प्रशासनाने ते डोमेनच काढून घेतलं. मंडळाची वेबसाइट मुख्य डोमेनवर आधीच असेल तरी अडत नाही: 'लोकल डोमेन' म्हणून मुख्य नाव द्यायचं, 'वेब डोमेन' म्हणून उपडोमेन, आणि मुख्य साइटवर येणारी वेबफिंगरची विनंती (इतर सर्व्हर खातं शोधायला जी पाठवतात ती) तिकडे वळवायची. हे पहिलं खातं उघडण्याआधी व्हायला हवं. खात्याचं नाव रोमन अक्षरांतच घेता येतं. दर्शनी नाव आणि हॅशटॅग देवनागरीत चालतात.

दोन कोर, ४ जीबी रॅम आणि ८० जीबी डिस्क एवढं यंत्र पुरतं. २ जीबी रॅमवरही सगळं सुरू होतं, पण अपडेट करताना ॲसेट प्रीकंपाइलच्या (पानांच्या फाइल आधीच तयार करण्याच्या) टप्प्यावर मेमरी संपते आणि लिनक्स ते काम मध्येच मारून टाकतं. स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा, ठेवाच. मागे चालणारी कामं उरकणाऱ्या साइडकिकचे थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) वाढवले तर डेटाबेस पूल, म्हणजे डेटाबेसशी एकाच वेळी होणाऱ्या जोडण्यांची संख्याही तेवढीच वाढवा, नाहीतर कामं जोडणीची वाट पाहत खोळंबतात. पोस्टचा पूर्ण मजकूर शोधण्यासाठी लागणारं इलॅस्टिकसर्च हे वेगळं सॉफ्टवेअर एवढ्या यंत्रावर लावू नये. ते फार मेमरी खातं.

डिस्क भरते ती आपल्या सभासदांच्या फोटोंनी नव्हे, परक्या सर्व्हरवरून आलेल्या चित्रांनी आणि व्हिडिओंनी. फॉलो केलेल्या प्रत्येक खात्याची माध्यमं आपल्याकडे उतरतात आणि मुदत घातली नसेल तर तशीच साठत जातात. प्रशासन विभागात माध्यम-कॅशची (बाहेरून आणून साठवलेल्या चित्र-व्हिडिओंची) मुदत ७ दिवस करा. जुनं चित्र कुणी उघडलं तर सर्व्हर ते पुन्हा आणतो. तिथेच परक्या पोस्टची मुदत घालायचा रकाना आहे. तो रिकामा ठेवा! ती मुदत घातली की सभासदांनी बुकमार्क करून ठेवलेल्या परक्या पोस्टही पुसल्या जातात. परक्यांची प्रोफाइल-चित्रं नेहमीच्या साफसफाईत जात नाहीत, त्यासाठी टूटसीटीएल या मॅस्टोडॉनच्या आज्ञा-साधनाच्या मीडिया-रिमूव्ह आज्ञेला प्रून-प्रोफाइल्स हा पर्याय द्यावा लागतो. टाइमलाइन ओकीबोकी दिसते म्हणून लोक रिले, म्हणजे अनेक सर्व्हरांच्या सार्वजनिक पोस्ट एकमेकांकडे पोचवणारी सेवा, जोडतात. त्याने अनोळखी पोस्टचा लोंढा येतो आणि डिस्कही भरते. त्यापेक्षा प्रत्येकाने वीस-पंचवीस खाती निवडून फॉलो केली तर फरक लवकर दिसतो.

ईमेल स्वतःच्या सर्व्हरवरून पाठवायच्या भानगडीत पडू नका. सर्व्हर भाड्याने देणारे बरेच होस्टिंगवाले ईमेल पाठवायचा मार्ग, पोर्ट २५, बंद ठेवतात. ५८७ पोर्टवरची ईमेल पाठवून देणारी एखादी एसएमटीपी सेवा घ्या, पत्र खरंच आपल्या डोमेनवरून आल्याची खात्री देणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी करा. नाहीतर खातं पक्कं करायचं पत्र स्पॅममध्ये जातं आणि नवा सभासद तिथेच थांबतो.

आता रोजचा वापर. कार्यक्रमाची सूचना, फोटो, चर्चा, चार पर्यायांची मतचाचणी हे उत्तम होतं. ५०० अक्षरांची मर्यादा मराठीला पुरते. पोस्टची भाषा 'मराठी' निवडायची सवय मात्र लावावी लागते, कारण भाषेनुसार गाळणी लावणाऱ्यांना चुकीच्या भाषेची पोस्ट दिसत नाही. पीडीएफ जोडता येत नाही, म्हणून परिपत्रकं वेबसाइटवर ठेवून दुवा द्यावा लागतो. सगळ्यात मोठी उणीव वेगळीच आहे: 'फक्त आपल्या सर्व्हरपुरती' पोस्ट लिहायची सोय मूळ मॅस्टोडॉनमध्ये नाही. फक्त फॉलोअरसाठी लिहिलं तरी बाहेरच्या फॉलोअरकडे ते पोचतंच. छोट्या मंडळाला ही सोय पहिल्या दिवसापासून लागते. ती हवी असेल तर होमटाउन किंवा ग्लिच-सॉक ही मॅस्टोडॉनचीच सुधारित रूपं पाहा. बाहेरचं जग नकोच असेल तर मर्यादित फेडरेशनची (इतर सर्व्हरांशी जोडणीची) स्थिती चालू करा. मग परवानगी दिलेल्या सर्व्हरशीच देवाणघेवाण होते.

खासगी संदेश खऱ्या अर्थाने खासगी नसतात, हे सभासदांना सुरुवातीलाच सांगा. ते एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नाहीत. डेटाबेस ज्याच्या हाती, त्याला ते वाचता येतात. शिवाय संदेशात तिसऱ्याचं नाव ॲट चिन्हासह लिहिलं की तो संदेश त्यालाही जातो. वर्गणीच्या थकबाकीवर किंवा कुणाच्या आजारपणावर तिथे बोलू नये.

नोंदणी मंजुरीनंतरच द्या. फेब्रुवारी २०२४ मधली स्पॅमची लाट नोंदणी खुली ठेवून सोडून दिलेल्या छोट्या सर्व्हरांवरूनच उठली होती. त्याच महिन्याच्या सुरुवातीला दुसऱ्याच्या खात्याचं सोंग घेऊ देणारी गंभीर त्रुटी ४.२.५ या आवृत्तीत दुरुस्त झाली. असे सुरक्षा-अपडेट त्याच दिवशी लावायचे असतात, म्हणून एक जण गावाला गेला तरी दुसरा हवाच.

बॅकअपमध्ये तीन गोष्टी असाव्यात: पोस्टग्रेस या डेटाबेसचा रोजचा डंप (पूर्ण प्रत), गुप्त किल्ल्या असलेली एन्व्ह-प्रॉडक्शन ही सेटिंगची फाइल आणि चित्रं-व्हिडिओ साठवणारं पब्लिक-सिस्टीम फोल्डर. त्या फोल्डरमधलं कॅश हे उपफोल्डर वगळा; ते सगळं परक्यांचं असतं आणि वगळलं की बॅकअप फारच लहान होतो. एन्क्रिप्शनच्या किल्ल्या हरवल्या तर सभासदांचं द्विस्तरीय लॉगिन उघडत नाही, म्हणून ती फाइल सर्व्हरबाहेर दोघांकडे ठेवा. वर्षातून एकदा तरी दुसऱ्या यंत्रावर, इंटरनेटशी न जोडता, हा बॅकअप उतरवून पाहा. उतरवल्यावर होम टाइमलाइन रिकाम्या दिसल्या तर घाबरू नका. टूटसीटीएलची फीड्स-बिल्ड आज्ञा चालवली की त्या भरतात.