मागच्या एसीचा आवाज: ब्लोअर, फ्लॅप की गॅस?

सात आसनी गाडीत मागचा एसी वाजायला लागला की घरात दोन तट पडतात. मागे बसलेली मंडळी म्हणतात, 'अहो, काहीतरी वाजतंय.' चालवणारा म्हणतो, 'मला तर काही ऐकू येत नाही.' दोघंही खरंच बोलत असतात. म्हणून गॅरेज गाठण्याआधी एक करा: किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसा. मी हे तीन महिने उशिरा केलं.

गॅरेजमध्ये गेलं की साधारण तीनपैकी एक उत्तर मिळतं: ब्लोअर (हवा ढकलणारा मोटरचा पंखा) गेलाय, फ्लॅपची (हवेची वाट बदलणाऱ्या झडपेची) मोटर गेलीय किंवा गॅस (एसीच्या पाइपांत फिरून थंडावा देणारा) कमी झालाय. तिन्हींची बिलं वेगळी आणि तिन्हींसाठी गाडी उघडायची जागाही वेगळी. चुकीच्या उत्तरावर हो म्हटलं, तर पॅनेल उचकटल्याची मजुरी जाते आणि आवाज तसाच घरी येतो.

आधी आपल्या गाडीत मागे नक्की आहे काय, ते पाहा. बऱ्याच सेडान आणि छोट्या एसयूव्हींमध्ये हँडब्रेकमागच्या कन्सोलला दोन जाळ्या असतात, पण त्यात येणारी हवा पुढच्याच युनिटमधून डक्टने येते. तिथे आवाज मागून आल्यासारखा वाटला तरी दुखणं बहुतेक वेळा डॅशबोर्डखाली असतं. इनोव्हासारख्या गाड्यांत मात्र मागे स्वतंत्र कूलिंग कॉइल (हवा गार करणारी जाळी), तिचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये किती गॅस सोडायचा ते ठरवणारी झडप) आणि वेगळा ब्लोअर असतो. गॅस दाबून फिरवणारा, इंजिनवर चालणारा कंप्रेसर एकच, पाइप दोन दिशांना. पुढचं सगळं मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

आता परीक्षा. इंजिन बंद ठेवून किल्ली 'ऑन'वर आणा (बटणवाली गाडी असेल तर ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबा). मागचा ब्लोअर एकपासून शेवटच्या नंबरपर्यंत फिरवा. काही गाड्यांत पुढचा चालू असल्याशिवाय मागचा सुरू होत नाही. तसं असेल तर पुढचा एकवर ठेवा. आवाज आत्ताच आला आणि वेगाबरोबर वाढला, तर तो ब्लोअरचा. गॅसचा इथे काहीही संबंध नाही, कारण कंप्रेसर फिरतच नाहीये. पाच मिनिटांत आटपा, नाहीतर बॅटरी उतरेल. मग इंजिन सुरू करून एसीचं बटण चालू-बंद करा. आवाज त्या बटणाबरोबर येत-जात असेल, तर रोख गॅसच्या बाजूला. ब्लोअर एकाच वेगावर ठेवून फक्त तापमान किंवा हवेची दिशा बदलल्यावर 'टक् टक् टक्' झालं, तर फ्लॅप. आणि सगळं बंद असताना खड्ड्यातच खडखडत असेल, तर तो एसी नाही, छताच्या पॅनेलच्या क्लिपा आहेत.

ब्लोअरचेही आवाज सारखे नसतात. वेगाबरोबर जलद होणारी टिकटिक म्हणजे पंख्यात काहीतरी अडकलंय. चालू केल्याकेल्या 'चीं' आणि दोन-चार मिनिटांत गप्प, म्हणजे मोटरचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) कोरडा पडलाय. घुमल्यासारखा आवाज आणि जाळीवर हात ठेवला की थरथर, म्हणजे पंख्याचा तोल गेलाय. त्यावर धूळ एका बाजूला बसली असेल किंवा पातं तुटलं असेल. पहिल्या आणि तिसऱ्यात मोटर बहुधा ठणठणीत असते. हाच मुद्दा बिल बनवताना सोयीस्करपणे विसरला जातो.

आमच्या गाडीत टिकटिक होती. एका सर्व्हिस सेंटरने पूर्ण ब्लोअर असेंब्ली बदलायला सांगितली. मी 'विचार करून सांगतो' म्हणून निघालो आणि ओळखीच्या एसीवाल्याकडे पॅनेल उघडून घेतलं. पिंजऱ्यासारख्या गोल पंख्याच्या पात्यांत चिंचेच्या गोळीचा चकचकीत कागद अर्धा आत, अर्धा बाहेर. प्रत्येक फेरीला त्याचं टोक पंख्याभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणावर आपटत होतं. खाली केसांचा गुंता, शेंगदाण्याची टरफलं आणि टोलची एक पावती. पुढचा ब्लोअर बाहेरची हवाही घेतो, म्हणून त्यात झाडाचा पाला सापडतो. मागचा सहसा गाडीतलीच हवा ओढतो आणि पुन्हा पुन्हा फिरवतो, म्हणून त्यात आपलाच संसार सापडतो.

बुश कोरडा असेल तर निर्णय थोडा अवघड. तेलाचे दोन थेंब सोडले की आवाज जातो, पण धूळ त्याच तेलाला चिकटते आणि काही आठवड्यांनी 'चीं' परत. गाडी वर्षभरात विकायची असेल तर तेल चालेल. ठेवायची असेल तर मोटर बदला, कारण पॅनेल काढण्याची मजुरी दोन्ही वेळा तेवढीच. मोटर रिवायंडिंगवाले बुश आणि कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) बदलून देतात, हा मधला रस्ता आहे. मात्र पंखा परत बसवताना तो सरळ फिरतोय का, हे तिथेच बॅटरी लावून बघून घ्या.

फ्लॅपबद्दल फार सांगण्यासारखं नाही. छोटी मोटर, आत प्लास्टिकचे दाते, एखादा दाता तुटला की मोटर त्याच जागी घसरत टकटकते आणि काही सेकंदांनी थांबते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत मागे फक्त थंड हवा असते, त्यामुळे मागे असा फ्लॅप नसतोच आणि टकटक पुढून येत असते. अमेरिकेत सिएना किंवा ओडिसीसारख्या मोठ्या कौटुंबिक व्हॅन वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी: तिथे मागे हीटरही असतो, म्हणून फ्लॅप असतो. शिवाय कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात) हवा अडकली की हीटरमधून खळखळ ऐकू येते. आवाज सहन होत असेल आणि हवा हवी तशी येत असेल, तर या दुरुस्तीची घाई नाही.

खरी फसगत होते ती गॅसमध्ये. एसी बंद केल्यावर काही सेकंद 'स्स्स' ऐकू येणं नॉर्मल आहे. पाइपमधला दाब दोन्हीकडे सारखा होत असतो. काही गाड्यांत मागच्या पाइपवर विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो, त्याचा एकच 'टक' आवाजही नॉर्मल. पण एसी चालू असताना मागे सतत सुसकारा आणि थंडावा कमी, म्हणजे गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. यातही फरक करा. पुढे-मागे दोन्हीकडे थंडी कमी झाली असेल तर गॅस किंवा कंप्रेसर. पुढे बर्फासारखं गार आणि फक्त मागेच कोमट असेल, तर थेट गॅस भरायला सांगू नका. आधी मागचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा धुळीने भरलेली कॉइल बघायला हवी.

'गेज (दाब मोजायचं घड्याळ) लावलं, गॅस बरोबर आहे' यावर तर मुळीच जाऊ नका. घरचा सिलिंडर आठवा: संपत आला तरी शेगडीची ज्योत जवळपास तेवढीच असते. इथेही तसंच. आर-१३४ए या प्रकारच्या गॅसची बंद, गार गाडी ३० अंशांच्या हवेत साधारण ९५ ते १०० पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच दाबाचं माप) दाखवते, मग आत गॅस पूर्ण असो की बराच कमी. गॅस मोजायचा तर जुना काढून, व्हॅक्यूम करून (पाइपांतली हवा ओढून), वजनाने भरायचा. किती ग्रॅम, ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. दोन कॉइलच्या गाडीला एका कॉइलच्या गाडीपेक्षा बराच जास्त गॅस लागतो. अंदाजाने भरणारा छोट्या गाडीचं माप लावतो आणि मागची कॉइल उपाशी राहते.

गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. एवढा कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय. मागे जाणारे पाइप बहुतेक गाडीखालून जातात. दगड, चिखल सगळं तिथेच बसतं. जोडावर तेलकट काळा डाग दिसला तर गळती तिथेच शोधा. गळती न शोधता दर उन्हाळ्यात टॉप-अप म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी.

पावसाळ्यात आणि कोकणात आणखी एक आवाज येतो: वळणावर डबडब, आणि एखाद्या दिवशी मागे बसलेल्याच्या डोक्यावर पाण्याची धार. ही कॉइलवर जमणारं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबल्याची खूण. दुरुस्ती सगळ्यांत स्वस्त हीच, पण उशीर केला तर छताचं कापड खराब होतं.

मग न्यायचं कुठे? गाडी वॉरंटीत असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटर, दुसरा विचार नको. बाहेर उघडलेल्या पॅनेलवरून वॉरंटीत वाद होतात. वॉरंटी संपली असेल तर ब्लोअर, नळी आणि गळतीसाठी चांगला एसीवाला बरा, कारण तो सुटा भाग दुरुस्त करतो, अख्खी असेंब्ली बदलत नाही. त्याच्याकडे वजन करून गॅस भरायचं मशीन आहे का, एवढं आधी विचारा. नसेल तर गॅसचं काम त्याला देऊ नका. फ्लॅपसाठी मात्र स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) असलेल्याकडेच जा. काही गाड्यांत नवी मोटर बसवल्यावर फ्लॅप कुठून कुठपर्यंत फिरतो, हे तिला स्कॅनरने शिकवावं लागतं. कुठेही गेलात तरी मागच्या सीटवरून केलेलं रेकॉर्डिंग फोनमध्ये ठेवा, कारण गाडी गॅरेजच्या दारात पोचली की हमखास गप्प होते. आणि काढलेला जुना भाग डिकीत टाकायला सांगा.